टीसी म्हणजे पंधरा पावलं: टेलीकन्व्हर्टर घ्यावा की नाही?

जानेवारीतली सकाळ होती. भिगवणजवळच्या कुंभारगावातून नाव सुटली तेव्हा उजनीच्या पाण्यावर धुकं तरंगत होतं. थोडं आत गेल्यावर पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या खोडावर ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी, दिसला. पंजाखाली मासा, मासा अजून वळवळतोय. माझ्या जुन्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) २००-५०० एमएमची लेन्स होती आणि दोघांच्या मध्ये आठच दिवसांपूर्वी घेतलेला १.४ चा टेलीकन्व्हर्टर. बटण दाबलं तर फोकस पुढे गेला, मागे गेला, परत पुढे गेला. नाववाला दोन मिनिटं गप्प बघत होता. मग म्हणाला, "सायेब, ती नळी लांबवून काय व्हायचंय? म्या नावच सरकवतो की वाईच." तो बांबू टेकवेपर्यंत ऑस्प्रे मासा घेऊन गेला होता. हाती आल्या अकरा फ्रेम, सगळ्या पिठल्यासारख्या.

दुपारी चिलापी मासा खाताना हिशेब मांडला तेव्हा कळलं की चूक वस्तूची नव्हती. ती कशासाठी असते हे न विचारता मी ती घेतली होती. पक्ष्यांचे फोटो नव्याने काढू लागलेली बरीच मंडळी याच वळणावर येतात. ३०० किंवा ५०० ची लेन्स अपुरी वाटते, ६०० एफ/४ ची किंमत बघून घाम फुटतो आणि मग कुणीतरी सांगतं, "अरे, टीसी लाव ना!" लावायचाच असेल तर त्याआधी खालच्या गोष्टी करून बघा. क्रम शक्यतो मोडू नका, कारण पहिल्या तीन पायऱ्यांना खर्च शून्य आहे.

टीसी नेमकं करतो काय

बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी ही काचांची आखूड नळी. कॅनन तिला एक्स्टेंडर म्हणतं, बाकीचे टेलीकन्व्हर्टर, आणि फोटोवाल्यांच्या तोंडी नुसतं 'टीसी'. तो मुख्यतः दोन मापांत मिळतो, १.४ पट आणि २ पट. निकॉनचा जुन्या माउंटसाठी (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची खाच) १.७ पटही आहे. ५०० ची लेन्स १.४ ने ७०० होते आणि २ ने १०००.

रेल्वेतल्या टीसीसारखा हा टीसीही दंड घेतल्याशिवाय सोडत नाही. याचा दंड उजेडात असतो. पोळीचं उदाहरण घ्या. कणकेचा गोळा तेवढाच आहे आणि पोळी मात्र मोठी लाटायची आहे, तर ती पातळ होणारच. लेन्सच्या पुढच्या काचेतून येणारा उजेड तेवढाच राहतो, टीसी तो जास्त जागेवर पसरवतो. १.४ ला १.४ ने गुणलं की जवळजवळ २ येतात, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट आणि उजेड निम्मा. याला एक स्टॉप म्हणतात. २ पटीच्या टीसीत क्षेत्रफळ चौपट, उजेड पाव, म्हणजे दोन स्टॉप. आणि गोळ्यात कुठे गुठळी असेल तर पोळी लाटताना तीही पसरते. लेन्सचे दोष टीसी असेच मोठे करून दाखवतो.

आता मिळतं काय ते बघू. समजा पक्षी ४० मीटरवर आहे. १.४ चा टीसी लावला की तो साधारण २८-२९ मीटरवर असल्याएवढा दिसतो. म्हणजे टीसीने तुम्हाला अकरा-बारा मीटर जवळ नेलं. माझ्या चालीने ही पंधरा पावलं होतात. पाच आकडी रक्कम, निम्मा उजेड आणि बदल्यात पंधरा पावलं. हा सौदा कधी फायद्याचा आणि कधी घाट्याचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

पायरी १: कागदावर बेरीज करा

तुमच्या लेन्सवर पुढच्या कडेला तिचं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर छापलेलं असतं, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. झूम असेल तर दोन आकडे असतात आणि आपल्या कामाचा दुसरा, म्हणजे लांबच्या टोकाचा. १.४ च्या टीसीने एफ/२.८ चं एफ/४ होतं, एफ/४ चं एफ/५.६, एफ/५.६ चं एफ/८ आणि एफ/६.३ चं एफ/९. २ पटीच्या टीसीने एफ/२.८ चं एफ/५.६, एफ/४ चं एफ/८, एफ/५.६ चं एफ/११ आणि एफ/६.३ चं एफ/१३.

यातच निम्मं उत्तर मिळतं. ३०० एफ/२.८ वर २ पटीचा टीसी लावला तर ६०० एफ/५.६ होते, चांगली कामाची लेन्स. ७०-२०० एफ/२.८ वर १.४ लावला तर २८० एफ/४. या लेन्स जात्याच उजेडाच्या श्रीमंत, त्यांना दंड परवडतो. निकॉन १८०-६०० किंवा सोनी २००-६०० यांवर १.४ लावला तर लांबच्या टोकाला ८४० एफ/९. हे भर उन्हात चालतं, सूर्योदयाला चालत नाही. याच लेन्सवर २ पटीचा लावला तर १२०० एफ/१३. बसलेल्या पक्ष्यासाठी, कडक उन्हात, तिवईवर (ट्रायपॉडवर) ठेवून कधीतरी. उडत्या पक्ष्याचा विचारही नको.

एफ/८ ला आयएसओचं (सेन्सरच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेचं) काय होतं तेही बघा. उडत्या पक्ष्याला सेकंदाचा १/२००० भाग तरी शटर लागतं. सकाळी साडेआठच्या उन्हात एफ/५.६ ला आयएसओ ८०० पुरत असेल तर टीसी लावल्यावर १६०० लागेल. ते ठीक आहे. पण सव्वासातला, जेव्हा आधीच ३२०० चालू आहे, तेव्हा टीसीने ते ६४०० होतं आणि पिसांच्या रेषा नॉइजमध्ये (फोटोतल्या दाण्यांत) विरघळू लागतात. एक्सपोजर कॅमेरा स्वतः मोजतो, त्याची आकडेमोड तुम्हाला करावी लागत नाही. लक्ष फक्त आयएसओवर ठेवा.

लेन्स ७०-३०० किंवा ५५-२५० ची, किटसोबत आलेली असेल तर इथेच थांबा आणि पैसे लेन्ससाठी साठवा. तिच्यापाशी टीसीला द्यायला ना उजेड जास्तीचा आहे, ना शार्पनेस. शिवाय बहुतेकदा टीसी तिला बसतही नाही.

पायरी २: बसतो का ते बघा

माउंट एक असला म्हणजे टीसी बसेलच असं मुळीच नाही. कंपन्यांच्या बऱ्याच टीसींची पुढची काच बाहेर आलेली असते आणि ती लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरते. लेन्सच्या मागे तेवढी पोकळी नसेल तर काचेवर काच आपटेल. म्हणून जोर लावून बसवून बघण्याचा प्रयोग करू नका. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक टीसीची सुसंगत लेन्सची यादी असते. तुमच्या लेन्सचं पूर्ण नाव त्या यादीत अक्षरशः सापडलं पाहिजे.

नवख्यांना हमखास अडवणाऱ्या काही जागा सांगतो.

कॅननची आरएफ १००-५०० टीसी घेते, पण झूम ३०० च्या पुढे असतानाच. १.४ लावला की ती ४२०-७०० ची होते आणि ३०० च्या मागे येत नाही. म्हणजे टीसी लावलेला असताना लेन्स आखडून बॅगेत ठेवता येत नाही, आणि एखादा प्राणी अचानक जवळ आला तर झूम मागे घेण्याची सोयही उरत नाही. कॅननचीच पहिली आरएफ ७०-२०० एफ/२.८ टीसी घेतच नाही. नंतर आलेली, नावाच्या शेवटी झेड असलेली ७०-२०० एफ/२.८ घेते.

सोनीच्या ई माउंटवर सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स वापरणाऱ्यांना टीसीचा मार्ग बंद आहे. तीच लेन्स एल माउंटमध्ये असेल तर सिग्माचा टीसी चालतो. सोनीच्या स्वतःच्या २००-६०० ला सोनीचे दोन्ही टीसी बसतात.

निकॉनच्या मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावून जुनी २००-५०० वापरत असाल तर झेड माउंटचा नवा टीसी तिथे चालणार नाही. जुन्याच माउंटचा, म्हणजे टीसी-१४ई थ्री, लेन्स आणि अडॅप्टरच्या मध्ये बसवायचा.

केंकोसारख्या कंपन्यांचे टीसी स्वस्त असतात आणि पुढची काच बाहेर नसल्यामुळे जास्त लेन्सना बसतातही. पण बसणं आणि नीट चालणं या दोन गोष्टी आहेत, आणि जुने नग नव्या बॉडीशी बोलतील याचा नेम नसतो. एकदा मी एका विक्रेत्याच्या "सगळ्याला चालतो हो" या शब्दावर जुना टीसी उचलला. माझ्या लेन्सवर ऑटोफोकसच बंद. परत घ्यायला तो तयार नव्हता, आणि पावतीही मी मागितली नव्हती. तेव्हापासून लेन्स आणि बॉडी दोन्ही घेऊन जातो, दुकानाबाहेर येऊन रस्त्यापलीकडची पाटी टिपून बघतो आणि मगच पैसे देतो.

पायरी ३: तुमच्या कॅमेऱ्याचा फोकस कुठवर पोचतो

कॅमेरा डीएसएलआर असेल तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि माझा ऑस्प्रे इथेच गेला. डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर असतो, आणि साध्या बॉडींमध्ये तो एफ/५.६ पर्यंतच्या उजेडावर भरवशाने चालतो. त्यापुढे हंटिंग सुरू होतं, म्हणजे लेन्स मागे-पुढे भटकत राहते. वरच्या दर्जाच्या काही बॉडी एफ/८ ला फोकस करतात, पण तेव्हाही सगळे बिंदू चालत नाहीत. कॅननच्या सेव्हन डी मार्क टू मध्ये एफ/८ ला फक्त मधला बिंदू चालतो. पक्षी फ्रेमच्या कडेला उडत आला तर तो बिंदू त्याच्यावर ठेवता ठेवता मान दुखते. एफ/५.६ च्या लेन्सवर २ पटीचा टीसी लावला, म्हणजे एफ/११ झालं, तर डीएसएलआरच्या ऑटोफोकसची आशा सोडाच.

मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच होतो, त्यामुळे ही अडचण बरीच कमी आहे. कॅननने २०२० मध्ये ६०० आणि ८०० च्या एफ/११ लेन्स बाजारात आणल्या आणि त्यांनाही एक्स्टेंडर बसतात, यावरूनच काय ते समजा. पण चालतो म्हणजे तेवढ्याच चपळाईने चालतो असं नाही. ढगाळ सकाळी एफ/९ ला माझा मिररलेसही राखाडी बगळ्यावर एकदा अडखळतो आणि मग पकडतो. बगळा थांबतो. खंड्या थांबत नाही.

डीएसएलआरवाल्यांसाठी आणखी एक. लेन्स आणि बॉडीचा फोकस एखाद्या केसाने पुढे-मागे असतो, टीसीने ती चूकही ताणली जाते. बॉडीत फोकसची बारीक जुळवणी करायची सोय असेल तर टीसी लावून ती नव्याने करा. टीसीशिवायची जुळवणी इथे कामाला येत नाही.

पायरी ४: गच्चीवरची परीक्षा

विकत घेण्याआधी टीसी एका दिवसासाठी भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत कॅमेऱ्याचं सामान भाड्याने देणारे भरपूर आहेत. नाहीतर एखाद्या मित्राचा रविवारपुरता मागून घ्या. मग एक तास गच्चीवर घालवा. या एका तासाने माझे तरी बरेच पैसे वाचले असते.

टीसीची खरी स्पर्धा महागड्या लेन्सशी नसते, क्रॉपशी, म्हणजे फोटो कडेने कापून पक्षी मोठा करण्याशी, असते. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पट क्रॉप केला की १२ मेगापिक्सेल उरतात आणि २ पट क्रॉप केला की ६. १२ इंच बाय ८ इंच छपाईला, अगदी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके), नऊच्या आत मेगापिक्सेल लागतात. म्हणजे टीसी जे देतो ते तुमच्या संगणकावर फुकट आणि उजेडाचा दंड न भरता होऊ शकतं. टीसीने क्रॉपपेक्षा जास्त तपशील दिला तरच त्याला पैसे मोजायचे.

बघायचं असं. भिंतीवरचं कालनिर्णय काढा. त्याच्या मागच्या पानावरचा बारीक मजकूर हे जगातलं सगळ्यात सोयीचं चाचणीचं पान आहे. ते गच्चीच्या भिंतीला सपाट चिकटवा, चारही कोपऱ्यांना टेप लावून, नाहीतर वाऱ्याने फडफडेल. पंधरा-वीस मीटरवर तिवई लावा. वेळ सकाळची, ऊन पानावर, आणि गच्ची तापायच्या आधीची. तिवईवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून) फोकस करा, म्हणजे फोकसच्या सेन्सरची चूक परीक्षेत मिसळणार नाही.

आधी टीसीशिवाय, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून पाच फोटो. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून नव्याने करा. मग टीसी लावून, तिवई न हलवता, पुन्हा पाच. मग टीसीसहच अ‍ॅपर्चर एक स्टॉप बंद करून पाच. दोन पटीचाही आणला असेल तर तेच पुन्हा.

संगणकावर टीसीचा फोटो १०० टक्के आणि बिनटीसीचा १४० टक्के मोठा करून शेजारी शेजारी लावा. अक्षरं दोन्हीकडे सारख्या उंचीची दिसतील. आता अनुस्वार बघा. तो टिंब दिसतो की डाग? ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी वेगळी कळते का? 'घ' आणि 'ध' यांत गफलत होते का? शिरोरेषेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर आली आहे का? पाचांपैकी सगळ्यात चांगला फोटो निवडून त्याचीच तुलना करा, सरासरी काढत बसू नका.

अनुस्वार टीसीच्या फोटोत स्वच्छ असेल तर लेन्समध्ये जास्तीचा दम आहे आणि टीसी त्याचं काहीतरी करतो आहे. दोन्हीकडे सारखाच असेल तर टीसी तुम्हाला फक्त मोठी फाइल देतो आहे. टीसीत जास्त धूसर असेल तर ज्याचा त्याला परत करा. माझ्या २००-५०० वर १.४ चा निकाल असा लागला: एफ/८ ला क्रॉपच्या बरोबरीने, एफ/११ ला थोडा वर. तो 'थोडा' मिळवायला एकूण दोन स्टॉप उजेड गेला. २ पटीच्या फोटोत सगळे अनुस्वार साबुदाण्याएवढे होते.

एपीएस-सी (आकाराने लहान) सेन्सरवाल्यांनी अ‍ॅपर्चर बंद करत जाण्याचाही अतिरेक करू नये. पिक्सेल बारीक असतात, त्यामुळे एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच हळूहळू मऊ पडतं. म्हणजे टीसीने तुम्हाला एफ/१३ वर आणून ठेवलं तर पुढे सरकायला जागा उरत नाही.

पायरी ५: तुम्ही जाता कुठे?

मला ही पायरी सगळ्यात आवडते, कारण इथे कॅमेऱ्यापेक्षा पाय आणि पाणी जास्त बोलतात.

भिगवणला नाव असते. नाववाले तिथलेच मच्छीमार, पक्षी कुठवर सहन करतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. नाव वाऱ्याच्या अंगाने हळूच सोडली की चित्रबलाक किंवा रोहित (फ्लेमिंगो) आपल्या चरण्यात असतात आणि पंधरा पावलं आपोआप मिळतात. (सरळ रेषेत, इंजिन चालू ठेवून थव्यावर जाणाऱ्या नावेत बसू नका. सगळा थवा उडतो, फोटो एकच मिळतो आणि पक्ष्यांचं खाणं मोडतं. नाववाल्याला जास्त पैसे देऊन तसं करायला लावणारे साहेब लोक मी पाहिले आहेत.) इथे टीसी बॅगेत राहिला तरी चालतो.

नांदूर मध्यमेश्वर वेगळं. निफाड तालुक्यातला हा पाणपसारा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालेलं. तिथे मनोऱ्यावरून बघायचं असतं. मनोरा हलत नाही, पुढे पाणी आणि चिखल, पक्षी स्वतःच्या मर्जीने लांब. पंधरा पावलं मिळवायचा दुसरा मार्गच नाही. उजेड उघड्या पाण्यावरचा, भरपूर. टेकायला कठडा आहे. १.४ चा टीसी खरा कमाईला येतो तो अशा जागी.

ताडोबात बहुतेकांना उलटा अनुभव येतो. वाघ रस्त्यावरच येऊन उभा राहतो आणि ७०० एमएममध्ये त्याचा फक्त कान मावतो. वर धूळ. जिप्सीत बसून टीसी काढायला गेलात तर सेन्सरवर मोहर्ली गेटची माती घेऊन याल. तिथे १००-४०० नुसती न्या.

आणि पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातल्या रानात तिबोटी खंड्यासाठी जाणाऱ्यांनी टीसी घरीच ठेवावा. झाडीखाली भरदुपारीही संध्याकाळ असते, एफ/५.६ ला आयएसओ ६४०० लागलेला असतो, त्यात आणखी निम्मा उजेड कुठून द्यायचा? शिवाय हे दिवस त्याच्या विणीचे. घरट्यापासून लांब राहायला टीसी हवा, असं सांगणारेही भेटतात. घरट्यावर जाऊच नये, हा सोपा उपाय आहे.

आता हवा. टीसीबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर हवेच्या असतात. तापलेल्या माळावरून किंवा पाण्यावरून हवा थरथरते आणि लांबचा पक्षी त्या थरथरीतूनच दिसतो. टीसी पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करतो. कडबनवाडीच्या माळावर सकाळी दहानंतर चिंकाऱ्याचे पाय वितळल्यासारखे दिसतात. तिथे दहा लाखांची लेन्सही तेच दाखवते. ओळखायचं कसं? एकाच जागी बसलेल्या पक्ष्याचे लागोपाठ दहा फोटो घ्या. दहाही सारखेच मऊ असतील तर दोष लेन्सचा, टीसीचा किंवा फोकसचा. प्रत्येक फोटो वेगळ्या ठिकाणी मऊ असेल, एकात डोळा बरा आणि दुसऱ्यात शेपटी, तर ती हवा आहे. चहा प्या. हिवाळ्यात भिगवणला धुकं उठल्यापासून साधारण साडेनवापर्यंतचा वेळ चांगला, नंतर पाणी चुळबुळायला लागतं.

पायरी ६: लावताना आणि वापरताना

बॉडी बंद करा. टीसी आधी लेन्सला लावा आणि मग दोघांना मिळून बॉडीला, म्हणजे सेन्सर कमी वेळ उघडा राहतो. हे काम काठावर, गाडीत किंवा खोलीत उरका. नावेत नको. माझ्या एका सोबत्याच्या लेन्सची मागची टोपी उजनीत गेली आणि राहिलेला प्रवास त्याने ती बाजू रुमालाने झाकून केला.

७०० एमएमला हाताची थरथर ५०० पेक्षा ठळक दिसते. बसलेल्या पक्ष्यालाही सेकंदाचा १/१००० भाग शटर ठेवा, नंतर सवय झाली की कमी करा. गाडीच्या खिडकीवर बीन बॅग टाका. विकतची नसेल तर जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात तांदूळ भरा, माझी तशीच आहे. लेन्सवर फोकसच्या अंतराची मर्यादा घालणारी कळ असेल तर ती लांबच्या अंतरावर ठेवा, हंटिंग निम्म्यावर येतं. आधी झूम मागे घेऊन पक्षी शोधा, मग पुढे जा. ७०० ला थेट आकाशात घार शोधणं म्हणजे बांगडीतून डास बघण्यासारखं आहे.

ज्या कामासाठी टीसी घ्यावा असं कुणी सांगत नाही

टीसी लावल्यावर लेन्सचं जवळात जवळ फोकस होण्याचं अंतर बदलत नाही, प्रतिमा मात्र मोठी होते. कॅननची जुन्या ईएफ माउंटची दुसरी १००-४०० सुमारे ९८ सेंटिमीटरवरून ०.३१ पट मोठेपणा देते. १.४ ने तो ०.४३ होतो. म्हणजे एक मीटर लांब उभं राहून, सावली न पाडता, चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) फ्रेमभर टिपता येतात. ऑगस्ट-सप्टेंबरात घाणेरीवर भिरभिरणारा नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू, मॅक्रो लेन्स घेऊन जवळ गेलात तर उडतो. इतक्या लांबून टिपलात तर बसून राहतो. माझा टीसी पक्ष्यांपेक्षा याच कामाला जास्त निघतो.

दुसरं काम चंद्र. सेन्सरवर चंद्राची प्रतिमा एमएमच्या आकड्याला ११० ने भागलं की येते. ६०० ला साडेपाच मिलिमीटर, ८४० ला साडेसात. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, म्हणून उजेडाचा दंड इथे बोचत नाही. आयएसओ १००, एफ/११, सेकंदाचा १/१०० भाग इथून सुरुवात करा. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासचा चंद्र घ्या. सावल्या लांब पडतात आणि विवरं उठून दिसतात.

घ्यायचं ठरलंच तर

१.४ घ्या. २ पटीचा फक्त एफ/२.८ च्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवाल्यांनी, किंवा ७०-२०० एफ/२.८ वरून कधीतरी ४०० हवं असणाऱ्यांनी. शक्यतो लेन्सच्याच कंपनीचा.

जुना मिळतो आणि घ्यायला हरकत नसते, कारण आत हलणारे भाग जवळजवळ नसतात. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, मुंबई-कोकणातल्या सामानात हे फार. लेन्स आणि बॉडीशी जोडणाऱ्या सोनेरी टिकल्या काळवंडलेल्या नकोत. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर कुणीतरी उघडला आहे. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून हळूच पिळून बघा, डगमगता कामा नये. घरी आणल्यावर पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्या. आईला आधी सांगा, नाहीतर ती त्या तव्यावर पोळी टाकू देणार नाही.